तिसाव्या पानावरची गाठ

३ मार्च १९३५

तर मी ते मुद्दामच केलं, असं तुझं अजून म्हणणं आहे. दोन वर्षं होत आली, हेस्टर. नाताळचं कार्ड पाठवलंस, त्यावर शुभेच्छा छापील आणि खाली तुझ्या हातची एकच ओळ: "कबूल करणार नसशील तर लिहू नकोस." म्हणून लिहितोय.

तूच सांगितलं होतंस की नाही? रंगारी सोमवारी येणार, एनॉक, दुकानातली लायब्ररीची फळी रिकामी कर आणि पुस्तकं पुसून ठेव, लोकांचे हात मासळीचे असतात. पुसून ठेव म्हणालीस, मी पुसली. शिळ्या पावाचा तुकडा खोडरबरासारखा घासत पान न् पान पाहिलं. दुसरी एखादी बहीण असती तर म्हणाली असती, पोराने रविवार मोडला बिचाऱ्याने. तू मला सगळ्या गल्लीदेखत घराबाहेर काढलंस.

पेन्सिलीच्या खुणा म्हणजे घाण नव्हे, हे मला कोण सांगणार होतं? शाळेत पुस्तकावर रेघ ओढली की छडी मिळायची, आणि मी शाळेत होतो त्यापेक्षा जास्त गोदीवर मासळीच्या पेट्या मोजत होतो. दोन पेनी देऊन आठवड्याला पुस्तक नेणाऱ्यांना आपण कुठलं वाचलंय ते आठवत नाही, म्हणून जो तो आत आपली खूण करून ठेवतो. मिसेस पॉडमोर पन्नासाव्या पानावर वर्तुळ काढते, कॅप्टन लीक अकराव्यावर नांगर, आई होती तोवर तिसाव्यावर जाळ्याची गाठ काढायची. हे सगळं मला तू ओरडलीस तेव्हा कळलं.

हां, मिसेस पॉडमोरने त्यानंतर एकच खुनाचं पुस्तक तीनदा नेलं आणि सहा पेनी परत मागितले, त्याबद्दल मला वाईट वाटतं. तिला तसं सांग. तीच मला लिहीत असते. तू लिहीत नाहीस.

इथे मी बरा आहे. रुळांच्या गँगमध्ये आहे. चारी बाजूंना सपाट माळ, झाड म्हणून नाही, पाणीसुद्धा गाडीने येतं. उन्हात रूळ वाकतात आणि आम्ही ते सरळ करतो, मग ते परत वाकतात. आमचा मुकादम क्विल्टी म्हणतो, "असे वाकत राहोत रे बाबा, त्यावरच आपली चूल पेटते." सहा जण आहोत, आणि क्विल्टीची बायको. आठवड्यातून एकदा सामानगाडी येते, मटण, पीठ, टपाल. मी इथेही फार दिवस राहीन असं वाटत नाही. पुढच्या वर्षी मोती काढणाऱ्या बोटींवर जायचा विचार आहे.

एनॉक

३१ मार्च १९३५

तुझं उत्तर यायला अजून दोन महिने आहेत, येणार असेल तर. तोवर एक गंमत सांगतो. तू हसणार नाहीस, पण सांगतो.

आमच्या गँगमध्ये मॅक्स्टेड म्हणून एक म्हातारा आहे. साठीचा असेल. वाळूने आणि उजेडाने त्याचे डोळे गेलेत, पूर्ण नाही, पण अक्षर दिसत नाही. क्विल्टी त्याला लपवून ठेवतो, साहेब तपासणीला आला की रुळांवरून हाताने चालवायच्या ट्रॉलीच्या दांड्याशी बसवतो, कारण दांडा खालीवर करायला डोळे लागत नाहीत. या मॅक्स्टेडकडे बिस्किटांचा मोठा डबा आहे आणि डब्यात अकरा पुस्तकं. सगळी खुनाची, आईला आवडायची तसली. बंगला, पाहुणे, ग्रंथालयात प्रेत.

गेल्या रविवारी त्याने विचारलं, "इंग्लंडच्या पोरा, तुला वाचता येतं?"

मी म्हटलं, "येतं, पण मधेमधे बसावं लागतं."

"मला कुठे गाडी पकडायचीय. बस की."

मिसेस क्विल्टी कपडे वाळत घालत होती, तिथून म्हणाली, "ते हिरवं वाच त्याला. त्यात डॉक्टरने केलंय."

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, झालं, आता काय वाचायचं. तर मॅक्स्टेड म्हणतो, "डॉक्टरनेच केलंय, मला ठाऊक आहे. नऊ वेळा ऐकलंय. तू वाच."

"मग ऐकायचं काय त्यात?"

"पहिल्या वेळी आपण खुन्याला शोधतो. नंतर लेखकाला. तो लबाड आपल्या नाकासमोर सगळं मांडतो आणि आपल्याला दिसत नाही. तिसऱ्याच प्रकरणात डॉक्टर हात धुतो, बघ. नुसता हात धुतो. कोणाच्या लक्षात येत नाही."

मी वाचायला लागलो. दर वाक्याला अडखळत होतो, आणि दोन पानांना अर्धा तास गेला. मिसेस क्विल्टी कपड्यांमागून शब्द सांगत होती. म्हातारा एकदाही कंटाळला नाही. मधेच म्हणाला, "मी युद्धात होतो. माझा भाऊही होता. घरी तार आली, त्यात तीन शब्द. कुठे, कसा, कोणाच्या चुकीने, कोणी सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. आणि यांच्यात बघ, एक खडूस म्हातारी मरते तर पोलीस, पाद्री, स्वैपाकीण, अख्खं घर कामाला लागतं. कोण कुठे उभं होतं, घड्याळात किती वाजले होते. एका माणसाची एवढी चौकशी. ऐकायला बरं वाटतं रे."

मला बाबा आठवले. बोट परत आली नाही एवढंच आपल्याला कळलं, बंदरावरच्या साहेबाने टोपी काढली आणि गेला. आई प्रेमकथांना हात का लावत नव्हती, हे परवा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. तू म्हणशील, तुला आत्ता कळलं का? आत्ता कळलं.

हिरवं संपलं की निळं सुरू करायचंय. त्यात एका गावातली सगळी घड्याळं कोणीतरी बंद पाडतं. मिसेस क्विल्टीला शेवट सांगायचा नाही म्हणून शपथ घातलीय.

एनॉक

२६ मे १९३५

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर म्हणू. मी पाच पानं लिहायची आणि तू चार ओळी.

"मिसेस पॉडमोर वर्तुळ शाईने काढते. ते तू ब्लेडने खरवडलंस, कागद पातळ झालाय, तिनेच मला दाखवला. त्याच पानावर तिच्या जॅमचा डाग आहे. तो तसाच आहे. का?"

का म्हणजे काय? जॅम वाळलेला होता. निघत नव्हता. का ते मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जॅमचा जाब माणूस देऊ शकत नाही. तू स्वतःला त्या पुस्तकांतला इन्स्पेक्टर समजायला लागलीयस. ब्लेड तुझंच होतं, गल्ल्यापाशी दोरा कापायला ठेवलेलं, हवं तर तेही लिहून घे.

इथले ऋतू तुमच्या उलट, आता थंडी पडायला लागलीय. मॅक्स्टेडला वाचून दाखवणं बंद केलंय. त्याने विचारलं का, तर म्हटलं घसा बसलाय. तो म्हणाला, "घसा बसलेला माणूस इतका बोलत नाही." निळं पुस्तक अर्ध्यावर आहे.

क्विल्टीला म्हटलं, मी जुलैत निघतोय, मोत्यांच्या बोटीवर. तो म्हणाला, "तू इथे आलास तेव्हा कुठून निघून आला होतास?" मी पाना उचलला. तो म्हणाला, "जा बाबा. पाय तुझे आहेत. पण आधी मैल चौऱ्याऐंशीचे बोल्ट आवळून जा."

यापुढे मी लिहिणार नाही. तुला तेच हवं होतं ना.

एनॉक

१६ जून १९३५

हेस्टर, काल सामानगाडीने मिसेस पॉडमोरचं पत्र आलं. ती लिहिते की सप्टेंबरअखेर हल शहरातला जुन्या पुस्तकांचा व्यापारी येऊन रहस्यकथांची फळी उचलून नेणार आहे. एकशेचाळीसच्या एकशेचाळीस, एका पुस्तकाला सहा पेनी. ती लिहिते, तू दोन वर्षांत त्यांतलं एकही उघडलेलं नाहीस, गिऱ्हाईक आलं की म्हणतेस स्वतःच काढून घ्या, आणि आता म्हणतेस की तिथे सिगारेटचं कपाट ठेवलं तर बरं पडेल. पॉडमोर फार नाराज आहे. तिने सगळी एकदा वाचलीत आणि आता कुठली वाचली ते आठवत नसल्याने तिला परत पहिल्यासारखी मजा येते म्हणे.

विकू नकोस. का ते सांगतो. नीट क्रमाने सांगावं लागेल. उशिरा का होईना, मला आता ते जमतं.

काल दुपारी मी निळं पुस्तक परत काढलं. मॅक्स्टेडने डबा पुढे सरकवला. शेवटची साठ पानं होती. गावातली सगळी घड्याळं बंद पडलेली, चर्चचं, शाळेचं, लोहाराच्या घरातलं, पाद्र्याच्या खिशातलंसुद्धा. लोक म्हणतात वेड्याचं काम. शेवटी तो हेर सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि म्हणतो, वेडा कोणी नाही. खुन्याला एकच घड्याळ बंद पाडायचं होतं. एकच बंद पाडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हेच का? म्हणून त्याने सगळी पाडली.

तिथे माझं वाचन थांबलं.

मॅक्स्टेड म्हणाला, "शब्द अवघड आहे का?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "घरी मी असंच केलंय."

त्याने डोळे माझ्याकडे वळवले, त्याला दिसत नाही तरी. म्हणाला, "कोणी मेलं का?"

"नाही."

"मग बहुतेक सांगता येईल."

मिसेस क्विल्टी दारात बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "सांग ना. आम्हाला नाही, जिचं आहे तिला. यांच्या पुस्तकात माणूस तीनशे पानं गप्प बसतो कारण छापणाऱ्याला तीनशे पानं भरायची असतात. तुला कसली भरायचीत?"

तर ऐक. पाव आणि ब्लेड घेऊन मी त्या रविवारी बसलो तेव्हा मला सगळ्या खुणा ठाऊक होत्या. नांगर कॅप्टनचा आणि वर्तुळ पॉडमोरचं, हेसुद्धा. तिसाव्या पानावरची गाठ आईची, हे तर मला तुझ्याआधीपासून माहीत होतं. ती जाळं विणताना पुस्तक गुडघ्यांत धरायची आणि पान तीस आलं की मला म्हणायची, एनॉक, पेन्सिल दे. मीच द्यायचो. मला एकच खूण पुसायची होती. ती एकटी पुसली असती तर तू त्याच दिवशी ओळखलं असतंस, म्हणून सगळ्यांच्या पुसल्या. जॅमचा डाग राहिला कारण मला डाग काढायचे नव्हतेच, खुणा काढायच्या होत्या. तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. तू ते विचारायच्या आधीच तुला माहीत होतं, असं मला वाटतं.

आता का केलं ते. हे लिहायला मला सकाळपासून बसावं लागलं.

आई गेल्यावर तू दुकान बंद केलंस की खुर्ची ओढून बसायचीस. आईची गाठ असलेलंच पुस्तक घ्यायचीस, ती ज्यातून गेली त्यातून जायचं म्हणून. तिसावं पान आलं की थांबायचीस आणि जराशी हसायचीस, जसं कोणी आतून हाक मारली. मग पुढे जायचीस. तुमच्या दोघींचं ते चालूच राहिलं होतं. मी पलीकडे बूट काढत बसलेलो असायचो. आई असतानाही तुम्ही दोघी जेवताना भांडायचात, वकिलाने केलं, नाही, भाचीने केलं, आणि मी बटाटे खायचो. पण तेव्हा आई नंतर मला अर्धी गोष्ट तोंडी सांगायची. ती गेल्यावर अर्धीसुद्धा कोणी सांगेना. तू सांगितली नाहीस. मी विचारलीही नाही, ते खरं.

मी एकदा प्रयत्न केला. तुला माहीत नाही. एक पुस्तक कोटात घालून गोदीवर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागलो. नऊ आठवडे लागले. एका पुस्तकाला. मग मी हिशेब केला, एकशेचाळीस पुस्तकांना चोवीस वर्षं. तू दोन वर्षांत संपवली असतीस. मला वाटलं, आई तुझ्याबरोबर पुढे निघून जाईल आणि मी पहिल्याच पुस्तकात अडकून राहीन. ते मला सहन झालं नाही. मी बारीक मनाचा माणूस आहे, हेस्टर. माझी चूक झाली. तू मला घराबाहेर काढलंस ते बरोबर केलंस, फक्त गल्लीदेखत काढायला नको होतंस.

एवढंच असतं तर मी कदाचित हे पत्र अजून पाच वर्षं लिहिलं नसतं. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मी सगळ्यात जास्त लपवली.

आईची गाठ गेलेली नाही.

आईचे हात जाळ्याचे होते, तिला हलकं काही धरताच येत नव्हतं. पेन्सिलसुद्धा ती सुईसारखी दाबायची. पावाने शिसं निघालं, पण दाबल्याचा चर तसाच राहिला. मी घासून पाहिलं, तिसाव्या पानाला दोनदा घासलं, तरी बोटाला लागत होता. दोन-तीन पुस्तकांत तर कागद फाटायला आला तेव्हा मी सोडून दिलं. तू पुस्तक खिडकीशी ने, सकाळच्या उजेडात, आणि पान सरळ न धरता तिरकं धर. गाठ दिसेल. सगळ्यांत दिसेल. पेन्सिलीचं टोक हलक्या हाताने फिरवलंस तर वरसुद्धा येईल, पण मी असतो तर नसती आणली, बोटाने चाचपली असती.

हे तुला मी त्याच संध्याकाळी सांगू शकलो असतो. तू रडत होतीस आणि माझ्या बोटाला अजून तो चर आठवत होता. पण चर आहे हे सांगायचं म्हणजे तिथे काय होतं ते मला माहीत होतं, हे सांगायचं. मी बॅग उचलली. लोक म्हणाले पोराला बाहेरचं जग बघायचंय. जग बघायला मी बारा हजार मैल आलो, आणि इथे आकाशाशिवाय बघायला काही नाही.

हे पत्र तुला जुलैअखेरीस मिळेल, व्यापारी यायच्या आधी. मी तार करणार होतो, पण तारेत हे कसं मावणार? मॅक्स्टेडने सांगितलं तार करू नको, तारेत काही कळत नाही. त्याला माहीत.

मोत्यांच्या बोटीवर मी जात नाहीये. निदान या वर्षी तरी. क्विल्टीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला शिव्या घालायची सवय झाली होती, बरं झालं." डब्यातली नऊ पुस्तकं बाकी आहेत आणि मॅक्स्टेडला दुसरं कोणी वाचून दाखवणार नाही, मिसेस क्विल्टी दहाव्या पानावर खुनी सांगून टाकते. आता मला एका पुस्तकाला तीन आठवडे लागतात. अडखळतो अजून, पण म्हातारा म्हणतो की अडखळलेल्या ठिकाणीच त्याला बहुतेक धागे सापडतात, बाकीचे लोक तिथून पळत जातात.

मला तू उत्तर दे किंवा देऊ नकोस. दिलंस तर चार ओळींचं चालेल. आधी खिडकीशी जा.

हलच्या माणसाला सांग की दुसरं गिऱ्हाईक मिळालं. तो सहा पेनी देतोय, मी सात देतो. पुस्तकं माझी झाली म्हणजे ती तुला विकता येणार नाहीत, एवढ्यासाठीच घेतोय. ती आहेत त्या फळीवरच असू देत, आणि दोन पेनीला देत जा. कॅप्टन लीकला नांगर परत काढू दे. पॉडमोरला शाई देऊ नकोस. सिगारेटचं कपाट दारामागे मावेल, मी मनातल्या मनात मोजून पाहिलं.

एकशेचाळीस पुस्तकांचे, दर पुस्तकाला सात पेनीप्रमाणे, इंग्लंडच्या पैशात, मनीऑर्डर याच पाकिटात आहे: चार पौंड, एक शिलिंग, आठ पेनी.